संहिता पाळली का?

विभागाच्या कागदांवर काकांचा हुद्दा 'साथीदार' असा लिहिलेला होता, आणि त्या शब्दावर काका पहिल्या दिवसापासून खूश होते. चोरी करताना दाराशी उभा राहतो तोही साथीदार आणि जन्मभर सोबत करतो तोही साथीदार. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाला एका शब्दात असे दोन अर्थ मांडीला मांडी लावून बसलेले दिसले की गुदगुल्या होतात. ही गंमत घरी जाऊन सांगावी असं त्यांना वाटलं, पण घरी कोणी नव्हतं, तेव्हा ती सांगायची राहून गेली.

छापखान्यात त्यांना 'अनुस्वार' म्हणत. दिसायला एवढासा, पण गाळला की अर्थाचा अनर्थ. बायको गेली, पाठोपाठ छापखानाही बंद झाला, आणि अनुस्वाराला बसायला अक्षरच उरलं नाही. सकाळी उठून दोन खोल्यांत फिरायचं, खिडकीतून कुणाची तरी मोटार निघताना बघायची, दुपारी जेवून पडायचं. कधीकधी संध्याकाळी दुकानदाराला "पाव द्या" म्हणताना त्यांच्या लक्षात यायचं की आज आपण पहिल्यांदाच तोंड उघडतोय. मग एक दिवस त्यांनी मानसशास्त्र विभागाच्या फलकावर जाहिरात वाचली. पाठांतर चांगलं असलेला वयस्कर माणूस हवा होता.

तिथली एक संशोधक मुलगी प्रबंधासाठी प्रयोग करत होती. दोन अनोळखी माणसं समोरासमोर बसली तर जवळीक कशाने येते? समोरच्याने मन मोकळं केलं म्हणून, की नुसतं पाऊण तास सोबत बसलो म्हणून? हे लोकांना सरळ विचारून कळत नाही. लोक लबाड असतात असं नाही, पण विचारलं की माणूस शहाण्यासारखं उत्तर देतो. म्हणून एका खोलीत दोन खुर्च्या मांडल्या होत्या आणि मधल्या टेबलावर बारा प्रश्नांची बारा कार्डं होती. एका खुर्चीत जाहिरात वाचून आलेला खरा सहभागी बसायचा. दुसऱ्या खुर्चीत काका, आपणही जाहिरात वाचूनच आलो आहोत अशा चेहऱ्याने.

काकांची उत्तरं मुलीने लिहून दिलेली होती. त्या लिखाणाला ती 'संहिता' म्हणे, आणि संहितेचे दोन प्रकार होते, 'मोकळा' आणि 'आखडता'. मोकळ्यात काका एका काल्पनिक भावाबद्दल, एका काल्पनिक आजारपणाबद्दल भरभरून बोलायचे. आखडत्यात "ठीक", "आठवत नाही", "तसं काही खास नाही" एवढ्यावर भागवायचे. कुणासमोर कुठला प्रकार हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं आणि पाकिटात बंद केलेलं असे. नाहीतर बोलक्या चेहऱ्यांच्या वाट्याला नकळत मोकळं पाकीट जाणार. पाकीट काका दाराआड फोडायचे, आणि आत काय निघालं ते मुलीलाही कळू द्यायचं नसे. खोलीत ती थांबायची नाही, ध्वनिमुद्रण करायची नाही.

"मला कळलं ना काका, तर माझा चेहरा बोलून जाईल," ती म्हणायची. "प्रयोग करणाऱ्यालाच काय हवंय ते दिसलं की समोरचा बरोब्बर तेच देतो."

"म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर, मॅडम?" वयाने ती त्यांना मुलीसारखी होती आणि काका तिला मुद्दाम मॅडम म्हणायचे.

"सगळीच्या सगळी."

हे वाक्य काकांनी घरी नेऊन दोन-तीन दिवस पुरवलं.

बोलणं संपलं की सहभागी एक तक्ता भरायचा. समोरचा माणूस किती जवळचा वाटला, एक ते सात. शेवटचा प्रश्न, या माणसाला पुन्हा भेटायला आवडेल का, एक ते सात. आणि मग यायचा उलगडा. मुलगी सहभागीला खरं काय ते सांगायची, काकांना आत बोलवायची आणि म्हणायची, "हे आमचे साथीदार. यांनी जे सांगितलं ते आम्ही लिहून दिलेलं होतं." फसवून माणसाला तसंच घरी पाठवायचं नाही, असा नियमच होता, आणि नियम चांगलाच होता. फक्त त्या वेळी दारात उभं राहण्याची पाळी काकांवर यायची. काही जण हसायचे, एक-दोघे चिडले, बरेच जण "हो का, हो का" म्हणत पिशवी शोधायला लागायचे. जे हसायचे तेही पुन्हा काकांच्या डोळ्यांकडे बघायचे नाहीत. दर दुपारी एक ओळख जुळायची आणि पाऊण तासाने मोडायची. अशा त्रेसष्ट मोडल्या होत्या. तरी काका रोज दाढी करून वेळेच्या आधी हजर असत, कारण त्यांच्यासाठी दिवसातला बोलण्याचा पाऊण तास तेवढाच होता.

त्यांचं स्वतःचं एक चिटोरं असायचं. त्यावर एकच ओळ. 'संहिता पाळली का? हो / नाही.' 'नाही'वर खूण आली की ते सत्र बाद. त्रेसष्ट वेळा काकांनी 'हो'वर खूण केली होती आणि ती खरी होती. एक काना इकडचा तिकडे झाला नव्हता.

चौसष्टाव्या सत्राला बाई आल्या. साठीच्या, अंगाने बारीक, बोटांच्या टोकांना सुयांची भोकं पडून घट्टे झालेले. दाराआड काकांनी पाकीट फोडलं. आखडता.

"चष्मा विसरले हो मी," बाई बसता बसता म्हणाल्या. "कामाच्या टेबलावर राहिला. कार्डं तुम्ही वाचाल का?"

संहितेत याबद्दल काही नव्हतं. काकांनी क्षणभर दाराकडे पाहिलं आणि मग पहिलं कार्ड उचललं. मोठ्याने वाचायला लागले तेव्हा त्यांचाच आवाज त्यांना ओळखीचा वाटला. बाई मान जराशी कलती ठेवून ऐकत होत्या, शब्द न् शब्द. दुसरं कार्ड होतं कामाबद्दल.

"मी रफू करते," बाई म्हणाल्या. "पुलाखाली धुलाईचं दुकान आहे ना, त्याच्या मागच्या खोलीत बसते. गिऱ्हाईक पुढे कपडे टाकून जातं, चिठ्ठी टाचलेला कपडा माझ्याकडे येतो. माणूस काही मला दिसत नाही. भोक दिसतं." त्या हसल्या. "कोपर झिजलं असेल तर टेबलाशी बसणारा. खिसा फाटलेला असेल तर किल्ल्यांचा जुडगा बाळगणारा. तुम्ही काय करता?"

"निवृत्त," काका म्हणाले. एवढंच लिहिलेलं होतं.

तिसरं, चौथं, पाचवं. बाई बोलत होत्या आणि काका "ठीक", "तसं काही खास नाही" असं टाकत होते. आजवर आखडता माणूस वठवताना त्यांना कधी जड गेलं नव्हतं. आज प्रत्येक "आठवत नाही" जड जात होतं, कारण बाई उत्तराची खरोखरच वाट बघायच्या. तुटक उत्तर आलं तरी चिडायच्या नाहीत, पुढच्या कार्डापर्यंत थांबायच्या. इतक्या सावकाश त्यांना कोणी ऐकून दोन वर्षं होऊन गेली होती.

नववं कार्ड आलं. पहिलं उत्तर काकांनी द्यायचं होतं.

काका वाचू लागले. "तुम्ही शेवटचे कधी रडलात स्वल्पविराम आणि कशामुळे प्रश्नचिन्ह."

बाई फिसकन हसल्या. "हे काय? स्वल्पविराम काय वाचता?"

काकांचे कान लाल झाले. संहितेतलं उत्तर जिभेवर तयार होतं, 'आठवत नाही, बरीच वर्षं झाली.' पाच शब्द. त्यांनी तोंड उघडलं आणि पाचातला एकही बाहेर आला नाही.

"सवय," ते म्हणाले. "मी छापखान्यात होतो. मुद्रितं तपासायची तर दोघं लागतात. एकानं मूळ प्रत वाचायची, दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर नजर ठेवायची. वाचणाऱ्यानं सगळं वाचायचं. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं. मी काम घरी आणायचो आणि ही वाचायची. माझी बायको. भांडतानासुद्धा वाचायची. 'तुम्ही ऐकत नाही, स्वल्पविराम, कधीच ऐकत नाही, उद्गारचिन्ह.'"

बाई हसल्या नाहीत.

"ती दवाखान्यात होती. शेवटी शेवटी फार बोलवत नव्हतं, पण खोडी गेली नव्हती. 'पाणी, पूर्णविराम.' त्या संध्याकाळी म्हणाली, 'तुम्ही आता घरी जा, स्वल्पविराम,' आणि डोळे मिटले. मला वाटलं दमली. पुढचं उद्या म्हणेल. मी घरी गेलो. पहाटे फोन आला." काका कार्डाची कड सरळ करत राहिले. "चाळीस वर्षं लोकांची अर्धी वाक्यं पुरी केली मी. हे एक काही मला लागत नाही. 'घरी जा, आणि जेवून घ्या' की 'घरी जा, पण लवकर या'? परवा औषधाच्या खोक्यातला कागद वाचत होतो, एकटाच, मोठ्यानं, स्वल्पविरामांसकट. तेव्हा रडलो."

मग बाईंनी आपली पाळी घेतली. त्यांच्या बहिणीशी त्यांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात एक कोट रफूला आला. चिठ्ठीवर नाव भलत्याचंच होतं, कोट आणून देणाऱ्या कुणा नोकराचं असावं. पण कोपरावर जुना रफू होता आणि तो बाईंनी स्वतः, तरुणपणी बहिणीसाठी केलेला होता. "आपला टाका आपल्याला ओळखू येतो. मी दुसरं भोक भरलं, कोट पुढे पाठवला. चिठ्ठी घालावीशी वाटली होती. नाही घातली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही हं. तुम्ही तुमचं सांगितलंत म्हणून."

उरलेली तीन कार्डं कशी गेली ते काकांना कळलं नाही.

बाई मुलीकडून प्रश्न वाचून घेऊन तक्ता भरायला गेल्या आणि काका शेजारच्या खोलीत चिटोरं घेऊन बसले. 'संहिता पाळली का?' खरं सांगायचं तर यात विचार करण्यासारखं काय होतं? 'नाही'वर खूण करायची आणि मुलीला हाक मारायची. पण एक सत्र बाद म्हणजे तिचे महिन्याभराचे हिशेब लांबणार, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्याच्यावर सगळीच्या सगळी भिस्त तो माणूस असा निघाला. उद्यापासून दुसरा कोणी शोधतील. मग दाढी कुणासाठी करायची? आयुष्यात दुसऱ्यांच्या हजारो चुका ज्या पेनाने पकडल्या त्याच पेनाने त्यांनी 'हो'वर खूण केली.

आतून हाक आली. ते दारात जाऊन उभे राहिले.

"हे आमचे साथीदार," मुलगी म्हणाली. "यांनी जे सांगितलं ते आम्ही लिहून दिलेलं होतं. तुम्हाला अंधारात ठेवावं लागलं, त्याबद्दल माफी मागते."

बाईंनी काकांकडे पाहिलं. इतर लोक बघत नसत, या बघत होत्या. "ते स्वल्पविरामाचंसुद्धा?"

"सगळंच," मुलगी सवयीने म्हणाली.

आता बोल, काकांनी स्वतःला सांगितलं. आत्ता. पण चिटोरं मुलीच्या हातात होतं आणि 'हो'वरची खूण त्यांना इथून दिसत होती. त्यांची मान हलली. हो म्हणून हलली की नुसतीच, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बाईंनी पिशवी उचलली. "छान लिहिलंय कुणीतरी," त्या म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या आणि न वळता म्हणाल्या, "माझं मात्र खरं होतं."

त्या गेल्यावर मुलगी कागद जुळवत राहिली. जुळवता जुळवता थांबली. "काका, स्वल्पविरामाचं काय म्हणत होत्या त्या? मी तर असं काहीच लिहिलेलं नाही."

काकांनी सगळं सांगितलं. मग मुलीने लाल पेन घेतलं, चिटोऱ्यावरची खूण खोडली आणि वर 'बाद' लिहिलं. मान खाली घालून ती म्हणाली, "खूण चुकीची केलीत याचं मला काही नाही. पण उलगडा करताना मी त्यांना खोटं सांगितलं. खरं सांगायची एकच जागा असते आमची, काका."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने कुलपातल्या यादीतून नंबर काढला आणि तिथल्या तिथे फोन लावला. चूक झाली, नववं उत्तर साथीदारांचं स्वतःचं होतं, ते खरं आहे, असं नीट समजावून सांगितलं. पलीकडचं बोलणं काकांना ऐकू आलं नाही. मुलीने फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, हेही लिहिलेलंच असेल." मुलगी डोळे चोळत राहिली. "एकदा फसवलेला माणूस पुढचंही सगळं प्रयोगच समजतो. पुस्तकात आहे हे. मी परीक्षेत लिहिलंय." मग थोड्या वेळाने, फार हळू, "तुम्हाला आता या अभ्यासात ठेवता येणार नाही, काका. तुम्हाला राग नाही ना येणार?"

"राग कसला, मॅडम," काका म्हणाले. त्रेसष्ट आणि एक माणसांना दारात उभं राहून निरोप दिलेल्या माणसाला आज स्वतः दाराबाहेर जायचं होतं. त्यांनी दोन्ही संहिता तिच्या टेबलावर ठेवल्या, कडा जुळवून.

पुढचे चार दिवस काकांनी दाढी केली नाही. घरात दिवा लावायचंही लक्षात येईना. त्यांना स्वतःची नोकरी गेल्याचं वाईट वाटत होतं, पण ते सोसवत होतं. सोसवत नव्हतं ते हे की कुठल्या तरी मागच्या खोलीत एक बाई बसली आहे आणि तिच्या लेखी त्यांची बायको कधी नव्हतीच. दवाखाना नव्हता, पहाटेचा फोन नव्हता, तो स्वल्पविराम कुणा हुशार विद्यार्थ्याने सुचवलेला होता. आणि या बाष्कळपणाच्या बदल्यात तिने आपल्या बहिणीचा कोट देऊन टाकला होता.

पाचव्या दिवशी त्यांनी कपाट उघडलं. बायकोचा राखाडी स्वेटर दोन वर्षं घडी करून ठेवलेला होता. डाव्या बाहीला, मनगटाच्या वर, भोक होतं. सहभागी माणसांना परत भेटायचं नाही असा साथीदारांना नियम होता. पण काका आता कुणाचेच साथीदार नव्हते.

पुलाखालच्या धुलाईच्या दुकानात वाफेचा आणि साबणाचा वास होता. पुढच्या माणसाने स्वेटर मागितला, काकांनी दिला नाही. "मला मागे जायचंय," ते म्हणाले. माणसाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाट सोडली.

बाई दिव्याखाली वाकून बसल्या होत्या, चष्मा लावून. काकांना पाहिलं तरी सुई थांबली नाही. "आता कुठला प्रयोग?"

"प्रयोग नाही. मला काढलं."

"असंही लिहिता येतं."

"येतं," काका म्हणाले. घरून निघताना त्यांनी चार वाक्यं तयार केली होती. त्यांतलं एकही वापरण्यासारखं नव्हतं, कारण तयार केलेलं होतं. त्यांनी स्वेटर टेबलावर ठेवला.

बाईंनी टाका पुरा केला, दोरा तोडला आणि स्वेटर ओढून घेतला. आधी बाही उलटी केली. उलट्या बाजूने भोक बघत राहिल्या, मग बोट आत घालून कडा चाचपल्या. "डाव्या हातानं लिहायच्या का?"

"नाही. उजव्यानं."

"मग हे टेबलाला घासून नाही झालेलं. झिजलंय ते वरून, एकाच जागी. काहीतरी सारखं टेकत होतं इथं."

काकांनी भोकाकडे पाहिलं. स्वयंपाकघरातलं टेबल, तिच्यासमोर मूळ प्रत, यांच्यासमोर मुद्रित. तिचा हात टेबलावर सरळ पसरलेला. ओळ सापडली नाही की ते पेनाचं मागचं टोक तिच्या मनगटावर टेकवायचे. थांब, असा त्याचा अर्थ. ती थांबायची, आणि त्यांनी पेन उचललं की पुढे वाचायची. कितीतरी वर्षं, रोज.

"माझं पेन," काका म्हणाले.

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. विश्वास बसला असं काही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी बाही सुलटी केली, डब्यातून एक चिठ्ठी काढली, टाचणी ओठांत धरली आणि पेन्सिल उचलली.

"कोणाच्या नावानं लिहू?"

दोन वर्षांत ते नाव काकांनी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. कुणाला हाक मारायची नव्हती, कुणी विचारलं नव्हतं, आणि संहितेत तर ते नव्हतंच. त्यांनी नाव सांगितलं. आवाज फाटला म्हणून पुन्हा एकदा सांगितलं.

बाईंनी ते सावकाश चिठ्ठीवर लिहिलं, स्वेटरला टाचलं आणि म्हणाल्या, "गुरुवारी या, स्वल्पविराम."

काका उभेच राहिले, पुढचं ऐकायला.

"पुढचं गुरुवारी," बाई म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवू लागल्या.